टिकलीपर्यंतचं पाणी

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी समुद्र आजारी पडला.

समुद्र म्हणजे काचेची टाकी. चार फूट लांब, बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून ठेवलेली. खरा समुद्र त्या शहरापासून दहा तासांच्या प्रवासावर होता, पण टाकीत खारं पाणी होतं, दगड होते, दगडांवर जिवंत प्रवाळ होतं आणि त्यांत मासे फिरत होते. व्यापाऱ्याच्या पत्नीने तो संसार बारा वर्षांपूर्वी मांडला, मुलगा शिकायला परदेशी गेला त्या वर्षी. घर रिकामं झालं की कुणी मांजर पाळतं, कुणी भजनी मंडळात जातं. हिने समुद्र पाळला. व्यापारी आधी हसला, मग त्याला त्याची सवय झाली, मग त्याला तो दिसेनासा झाला. घरातल्या बाईने केलेल्या बहुतेक गोष्टींचं असंच होतं.

आठ महिन्यांपूर्वी पत्नी गेली आणि टाकी व्यापाऱ्याच्या वाट्याला आली.

तो तराजूंचा आणि वजनकाट्यांचा व्यापारी. माणूस नेमाचा. पत्नीच्या पश्चात त्याने काही कमी पडू दिलं नाही. भिंतीवर तिची मोठी तसबीर लावली, तिला चंदनाचा हार घातला. बागेत तिच्या नावाचा बाक बसवला. दर महिन्याच्या तिथीला अनाथाश्रमात जेवण दिलं. आणि टाकी सांभाळली. टाकीच्या काचेवर तिने आपल्या टिकल्यांच्या पाकिटातली एक मरून रंगाची टिकली चिकटवून ठेवली होती. पाणी कुठवर असावं त्याची ती खूण. टाकीतलं पाणी रोज जरासं कमी होई. व्यापारी रोज सकाळी दुकानात जाण्याआधी बादलीत समुद्री मीठ कालवी, काट्याच्या मापाने बादलीचा आणि टाकीचा खारटपणा बघे आणि टिकलीला टेकेपर्यंत पाणी ओती. एक दिवस चुकला नाही. कर्तव्यदक्ष माणसांचं हेच असतं, ती चुकतातसुद्धा अगदी वेळेवर.

तरी टाकी खंगत चालली. प्रथम पाणी फिरवणारा पंप घुरघुरू लागला आणि एका सकाळी थांबला. त्याने नवा आणला. मग पाणी कोमट ठेवणारी कांडी बिघडली, तीही बदलली. फेस काढणारं यंत्र उतू जाऊन सतरंजी भिजली. त्याने आणखी मोठं यंत्र आणलं, त्यावर लक्ष ठेवणारं दुसरं आणलं आणि ते दुसरं यंत्र त्याला दुकानात मोबाईलवर धोक्याच्या सूचना पाठवू लागलं. टाकीमागची भिंत वायरींनी भरली. सगळ्या यंत्रांवर पांढरी खरखरीत पुटं चढत. तो ती पुसे, ती पुन्हा चढत. मासे एकेक करून गेले. राहिलं एक हिरवं प्रवाळ, बोटांच्या टोकांसारखं फुगणारं, पत्नीच्या विशेष मायेचं. आणि राहिली एक लाल कोळंबी, पाठीवर पांढरा पट्टा असलेली. प्रवाळाने आता बोटं आत ओढून घेतली होती.

मुलाने फोनवर समजावलं की बाबा, किती दिवस हे लोढणं ओढणार? त्याच्या ओळखीचे एक दंतवैद्य टाकी आपल्या दवाखान्यात ठेवायला तयार होते. त्यांची माणसं येत्या मंगळवारानंतरच्या मंगळवारी उचलून नेतील, असंही परस्पर ठरलं. व्यापारी हो म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र त्याच्या लक्षात आलं की पंपाचा आवाज थांबला तर या घरात आवाज असा उरणार नाही. त्या मंगळवारपर्यंत प्रवाळाने बोटं पुन्हा बाहेर काढून डोळा उघडला तर टाकी ठेवायची, नाहीतर जाऊ द्यायची, असं त्याने स्वतःशीच ठरवलं.

टाकीखालच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवलेली होती. पत्नीच्या अक्षरात, ‘आप्पा’, आणि पुढे फोन नंबर. हा आप्पा कोण, ते व्यापाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याने फोन लावला. पलीकडून एका म्हाताऱ्याचा आवाज आला आणि त्या आवाजाने पहिला प्रश्न विचारला तो वहिनी कशा आहेत, हा. व्यापाऱ्याला सांगावं लागलं. मग म्हातारा म्हणाला, की आठ महिने आल्या नाहीत तेव्हा वाटलं होतं, शिकून झालं असेल.

तो म्हातारा सोमवारी बसने आला. किनाऱ्यावरच्या एका मत्स्यसंशोधन केंद्रात पस्तीस वर्षं खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळून तो निवृत्त झाला होता आणि आता शहराच्या टोकाला लेकीकडे राहत होता. बारा वर्षं ही बाई त्याच्याकडे शिकायला जात होती. व्यापाऱ्याने विचारलं, कधी जायची? दर बुधवारी, म्हातारा म्हणाला. व्यापाऱ्याला बुधवार ठाऊकच नव्हता. त्याचं दुकान सोमवारी बंद असे.

व्यापाऱ्याने त्याला दंतवैद्याच्या मंगळवारचं सांगितलं, यंत्रं दाखवली. म्हाताऱ्याने यंत्रांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो म्हणाला, “रोज करता तसं करा. मी बसतो.”

व्यापाऱ्याने मीठ कालवलं, माप लावलं, टिकलीपर्यंत पाणी भरलं. त्याचे हात स्थिर होते आणि त्याला त्याचा थोडा अभिमानही होता.

“हे कुणी शिकवलं?”

“हिला करताना पाहिलंय. अगदी असंच करायची.”

“रोज असंच?”

“रोज. एक दिवस चुकवला नाही मी.”

म्हाताऱ्याने मान हलवली. मग त्याने एक स्टीलची ताटली मागितली, तीत टाकीतलं पाणी घेतलं आणि ताटली खिडकीत उन्हात ठेवली. म्हणाला, हिला हात लावू नका. आणि उद्यापासून सहा दिवस दुकान बंद. मंगळवार ते रविवार इथे खुर्ची टाकून बसायचं. टाकीचं काम मी येऊन करीन.

व्यापाऱ्याला हे विचित्र वाटलं. तीस वर्षांत सोमवारखेरीज दुकान बंद राहिलं ते दोनदा, वडील गेले तेव्हा आणि ही गेली तेव्हा. पण टाकी न्यायचा मंगळवार जवळ येत होता. तो कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. त्याने टाकीतून तांब्याभर पाणी काढून मोरीत ओतलं. मग तो स्वयंपाकघरात गेला, प्यायच्या पाण्याच्या फिल्टरचा नळ सोडून तांब्या भरून आणला आणि ते साधं पाणी सरळ समुद्रात ओतू लागला.

व्यापाऱ्याने त्याचा हात धरला. “आप्पा, ते गोडं पाणी आहे. मरतील ती.”

“मरायचीच आहेत ना, शेठ? पुढच्या मंगळवारी दाताच्या डॉक्टरकडे जाऊन मरण्यापेक्षा इथे मरू द्यात.”

“मीठ घातलेलं नाही त्यात.”

“ठाऊक आहे मला.”

“पण का?”

म्हाताऱ्याने हात सोडवून घेतला. “आत्ता सांगितलं तर तुम्ही चूक तेवढी दुरुस्त कराल आणि दुकानात जाल. बसा.”

व्यापारी बसला. प्रवाळ आता पांढरं पडणार, म्हणून त्याने दिवसभर नजर हलवली नाही. ते पांढरं पडलं नाही. आणि असा बसलेला असताना त्याला आपल्याच घराचा मंगळवार पहिल्यांदा दिसला. अकरा वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा येतो आणि हळूहळू सरकत टाकीवर चढतो. दुपारी दोननंतर जिन्यात कुणाचंही पाऊल वाजत नाही. चार वाजता खालून भाजीवाली हाक मारते आणि उत्तर आलं नाही तर पुढे जाते. मध्ये लांबच्या लांब वेळ पसरलेला असतो आणि त्यात पंपाचा आवाज सोडून काही नसतं. हे आठ महिन्यांपासून असं आहे असं तो समजत होता. बुधवारी त्याच्या ध्यानात आलं की बारा वर्षांपासून असंच आहे. फक्त इथे बसणारं माणूस दुसरं होतं.

रोज म्हातारा येई, तांब्याभर खारं काढी, टिकलीपर्यंत साधं ओती, चहा घेई आणि जाई. शुक्रवारी जाताना म्हणाला, हात धुऊन पाण्यात धरा, नुसता धरा. व्यापाऱ्याने बाह्या वर सारून हात पाण्यात धरला. दगडाखालून ती लाल कोळंबी निघाली, जराही न बिचकता त्याच्या बोटांवर चढली आणि आपल्या बारीक चिमट्यांनी त्याची नखं कोरू लागली. तिला कुणीतरी ही सवय लावलेली होती. आठ महिन्यांत त्याच्या हाताला कुणी आपण होऊन लागलं ते हे पहिलं. हात पांढरा पडून सुरकुत्या येईपर्यंत त्याने तो बाहेर काढला नाही.

रविवारी म्हातारा आला तो सरळ खिडकीशी गेला आणि ताटली उचलून व्यापाऱ्याच्या पुढ्यात धरली. पाणी नव्हतं. तळाला मिठाचा पांढरा थर बसला होता.

“पाणी कुठे गेलं?”

“उडालं.”

“मीठ?”

व्यापाऱ्याने ताटलीतल्या थरावर बोट फिरवलं. वजनकाट्यांच्या धंद्यात जन्म गेला होता त्याचा. हिशेब कळायला त्याला वेळ लागला नाही. तो एवढंच म्हणाला, “पण माप बरोबर दाखवत होतं.”

“आणा ते माप.” म्हाताऱ्याने माप बोटाने हलवलं, काटा जागचा हलला नाही. मिठाच्या पुटाने तो कधीच चिकटून बसला होता. “गिऱ्हाइकाला काय सांगता तुम्ही? काटा वर्षातून एकदा तपासून घ्या म्हणून. आपला तपासलात?”

मग म्हातारा खुर्ची ओढून समोर बसला आणि शांतपणे बोलला.

“टाकीतून रोज उडतं ते नुसतं पाणी, शेठ. मीठ जिथल्या तिथे राहतं. म्हणून रोज भरायचं ते साधं पाणी. वहिनी रोज तांब्याभर साधं पाणीच ओतायच्या. आठवड्यातून एकदा मात्र थोडं जुनं पाणी काढून मीठ कालवलेलं नवं घालायच्या, तो त्यांचा सोमवार. तुम्ही त्यांना फक्त सोमवारी पाहिलंत. म्हणून तुम्ही आठवड्याचे सातही दिवस सोमवार केलेत. पातळी टिकलीला लागत होती, पण आत मीठ वाढत होतं. त्याची पुटं पंपावर चढली, कांडीवर चढली, मापावरही चढली. यंत्रांचा दोष नव्हता.”

भिंतीवरच्या तसबिरीकडे, चंदनाच्या हाराकडे त्याने एकवार पाहिलं.

“माणूस जातं तेव्हा नेमकं काय उडालं ते आधी बघावं. वहिनींच्या मागे तुम्ही बाक बसवलात, जेवणं घातलीत. वाईट नाही केलंत. पण तुमच्या घरातून रोज उडत होतं ते साधं होतं. जेवलात का, आज उशीर का झाला, खाली भाजीवाली आली आहे. त्या जागी तुम्ही रोज मीठ ओतलंत, आणि वर म्हणता, मी एक दिवस चुकवला नाही.”

व्यापाऱ्याने विचारलं, “इतकी वर्षं ती इथे एकटी बसत होती, आप्पा?”

म्हाताऱ्याला खोटं बोलून धीर देता आला असता. त्याने दिला नाही. “होती,” तो म्हणाला. “बुधवारी माझ्याकडे यायच्या तेव्हा बसस्टॉपपर्यंत बोलत असायच्या. मी एकटाच ऐकायला होतो.”

“मला कधी म्हणाली नाही.”

“सोमवारी त्यांना काम असायचं.”

म्हाताऱ्याने ताटली धुऊन पालथी घातली आणि तो बस पकडायला निघून गेला.

सोमवारी व्यापाऱ्याने मीठ कालवलं, थोडं जुनं पाणी काढून नवं घातलं. प्रवाळ मिटलेलंच होतं. मंगळवारी सकाळी दंतवैद्याच्या माणसांचा फोन आला, की तासाभरात पोचतो. व्यापारी टाकीपुढे उभा राहिला. प्रवाळाची दोन टोकं किंचित बाहेर आली होती. किंवा त्याला तसं वाटलं. डोळा उघडला म्हणावा तर तो उघडला नव्हता, मिटलाय म्हणावा तर मिटलाही नव्हता. आपण घातलेल्या अटीत हे कुठेच बसत नाही, हे त्याला कळत होतं. त्याने फोन उचलला आणि माणसांना येऊ नका म्हणून सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, अजून शिकतोय.

मग त्याने फिल्टरचा नळ सोडला, तांब्या भरला आणि मरून टिकलीला टेकेपर्यंत साधं पाणी बारीक धारेने ओतलं. भाजीवाली अजून यायची होती, ती चारला येते. दुकान चारच्या आधी बंद करून यायला हवं, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. दुकानात जाताना त्याने आप्पाकडे जाणाऱ्या बसच्या वेळा पाहून ठेवल्या. शहराच्या पलीकडच्या टोकालाही आठ महिने एक माणूस बुधवारची वाट पाहत बसलं होतं.

वाचणाऱ्याने आज घरी गेल्यावर एवढंच बघावं, की आपल्या माणसाचा आठवड्यातला कुठला वार आपण कधीच पाहिलेला नाही.