गप्पीची पिल्लं आणि पांढरी परात

एकदा एका भांडीवाल्याच्या हातून एक पाप घडलं. पाप म्हणावं तर त्यात चोरी नव्हती, लबाडी नव्हती; सगळा सद्भावच होता. पण सद्भावाला घाईची जोड मिळाली म्हणजे काय होतं, ते ऐकण्यासारखं आहे.

गृहस्थाचं नाव रत्नाकरशेठ. तालुक्याच्या गावी भर पेठेत तांब्यापितळेचं दुकान. दुकान कसलं, आरसेमहालच! काळपट पडलेली साधी वाटीदेखील शेठना फळीवर खपायची नाही. उतारवयात या माणसाला ज्ञानाची ओढ लागली. संध्याकाळी दुकान बंद केलं की ते नानांकडे जात. नाना म्हणजे निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांच्यापुढे मांडी घालून शेठ सुभाषितं पाठ करत आणि अर्थ उमगला की शाळकरी पोरासारखे खूश होत.

नानांच्या ओसरीवर काचेची एक टाकी होती. ती त्यांच्या पत्नीची, इंदुकाकूंची. तीत गप्पी मासे. हा मासा अंडी घालत नाही, थेट पिल्लांनाच जन्म देतो. काकूंनी एकाच वंशाची पिल्लं वर्षानुवर्षं वाढवली होती. घर सोवळ्याचं, तरी शेजारून अंडं मागून आणायचं, परसात उकडायचं आणि पिवळ्या बलकाचा कण सुईच्या टोकावर घेऊन पिल्लांना भरवायचा, हा त्यांचा नेम. नाना थट्टेनं म्हणत, "आमच्याकडे अंडं शिजतं, पण फक्त बारशाला!"

काकू गेल्या. मागोमाग मासेही एकेक करून गेले. उरली एकच मादी, शेपटीवर केशरी झाक असलेली, आणि तीही गाभण.

नेमकं त्याच वेळी नानांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुतण्याकडे पुण्याला जावं लागलं. निघताना ते म्हणाले, "रत्नाकरा, हिचे दिवस भरत आलेत. पोटाखालचा काळा डाग बघ, केवढा झालाय. काकूंच्या हातची ही शेवटची. हिची पिल्लं जगली तर टाकी जगली. दाणे घालत जा. पाणी शक्यतो बदलू नकोस. बदललंसच, तर काढलेलं पाणी या पांढऱ्या परातीत ठेव, निवळू दे, मगच टाक."

ती परात इनॅमलची, काठाला टवके उडालेली. शेठना ती डोळ्यांसमोर नको व्हायची. त्यांनी मागे नानांना एक झगझगीत स्टीलची परात आणून दिली होती. नानांनी ती कणकेला लावली आणि टाकीच्या पाण्याला हीच ठेवली. शेठच्या मनात ते जरा सलतच होतं.

पहिले काही दिवस ठीक गेले. मग एका दुपारी शेठ टाकीपाशी वाकले आणि त्यांचा जीव कासावीस झाला. तळाशी करडा गाळ, पाणवनस्पतींचं नुसतं जंजाळ, काचेवर हिरवट थर. "अरे देवा! नानांच्या घरी ही कळा? त्यांना नवी नजर मिळणार आणि पहिलं दर्शन हे?" झालं. शेठनी बाह्या सरसावल्या. ते जंजाळ उपसून बादलीत टाकलं, रबरी नळी तळाशी धरून गाळ ओढून घेतला, काच अशी घासली की पितळेनं लाजावं. परातीची आठवण त्यांना झाली होती, बरं का. अगदी झाली होती. पण म्हाताऱ्या माणसाचं खूळ, असं मनाशी म्हणत त्यांनी नळीचं टोक सरळ मोरीत सोडलं.

दुसऱ्याच दिवशी नाना परतले. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात काठी. शेठ शाबासकीची वाट पाहत दाराशी उभे. नाना टाकीजवळ गेले, चष्मा किंचित वर केला आणि काचेशी वाकले.

"हिचं पोट उतरलंय, रत्नाकरा."

"म्हणजे बरी आहे ना?"

"बाळंत झालीय. पिल्लं कुठायत?"

शेठनी काचेला नाक लावून शोधलं. लखलखीत पाण्यात एकटी मादी फिरत होती.

"तळाशी काही होतं का रे?"

"काही नाही हो, नुसता गाळ. बारीक बारीक, करडा..." बोलता बोलता शेठची जीभ अडखळली. "नाना, त्या गाळात काळे ठिपके होते. दोन-दोन."

"डोळे होते ते," नाना म्हणाले.

आता कुणालाही वाटेल की नाना संतापले असतील. नाही. त्यांनी ती पांढरी परात मागितली. उपसलेलं जंजाळ अजून बादलीतच पडलं होतं. ते त्यांनी परातीवर हळुवार झटकलं, बादलीतलं पाणी ओतलं आणि परातीसमोर बसून राहिले. शेठही बसले. दिवेलागण झाली. गाळ हळूहळू तळाला गेला, पाणी निवळलं. काहीच हललं नाही. तरी नाना बघतच होते.

"नाना, काही नाही हो यात."

"खरंय, नाही. पण आता हे मला ठाऊक झालं. तू मोरीत ओतलंस तेव्हा तुला ठाऊक नव्हतं, नुसतं वाटलं होतं." एवढं बोलून त्यांनी ते पाणी स्वतःच जास्वंदीच्या मुळाशी घातलं.

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला चार शिव्या तरी द्या!"

"शिव्या कशाला? तुला परात सांगितली, तिचं कारण सांगितलं नाही. तेवढा दोष माझाही आहे. ऐक. नुकतं जन्मलेलं काहीच देखणं नसतं. या पिल्लाला रंग नंतर चढतो. पहिल्या घटकेत त्याला धड पोहताही येत नाही, तळाशी पडून राहतं. तेव्हा त्याच्यात आणि गाळात फरक एवढाच, की पाणी थांबलं म्हणजे गाळ निपचित पडतो, आणि पिल्लू मात्र मधूनच अंग मारतं. तेवढीच त्याची ओळख. ती दिसायला पाणी थांबलेलं लागतं आणि भांडं पांढरं लागतं. तुझी स्टीलची परात उत्तम आहे रे, पण तीत डोकावलं की आपलाच चेहरा दिसतो. भुकेच्या भरात आईसुद्धा पिल्लांना गिळते. ती बिचारी मासा आहे. आपल्याला मात्र थांबता येतं."

शेठनी चाचरत विचारलं, "पुन्हा देईल का हो पिल्लं?"

"नर गेल्यावरही एखादी वीण होते कधीकधी. बघू."

शेठ रोज येऊन पाहत. पांढरी परात स्वतः धुऊन टाकीशेजारी ठेवत. पण मादी थकलेली होती. पोटाखालचा डाग पुन्हा काही गडद झाला नाही, आणि थंडी सरता सरता तीही गेली.

त्या संध्याकाळी घरी परतताना शेठना आपली मुलगी आठवली. शलाका कॉलेजात होती तेव्हा जेवताना एकदा हळूच म्हणाली होती, "बाबा, मी दुकानात बसू?" शेठ मोठ्यानं हसले होते. "भांडी विकायला नको, घासायला शीक. सासरी तेच कामाला येईल!" ती "पण बाबा..." म्हणाली, तर त्यांनी "उलट बोलू नकोस" म्हणून दटावलं होतं. ती गप्प झाली. आता ती नागपूरला संसारात होती, आणि इकडे शेठच्या पाठी दुकान चालवणारं कुणी उरलं नव्हतं.

घरी पोहोचताच शेठनी फोन लावला. "शलाका, तू एकदा दुकानात बसायचं म्हणाली होतीस. आठवतं तुला?"

"मी? काहीतरीच काय बाबा! मला नाही आठवत. बरं, रक्तदाबाची गोळी घेतलीत का?"

"घेतली," शेठ म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

आपल्या घरातलं कोण, काय बोलता बोलता थांबलं होतं, ते ज्यानं त्यानं आठवून पाहावं. आठवलं तर आजच विचारावं. उत्तर मिळेलच असं नाही.