गोदावरीने ओ दिली नाही

माझ्यावर कुणी विश्वासच ठेवला नाही.

“ऑफिसात परक्याचं यंत्र कुणी आणलं?” तद्रूपानंद स्वामींनी पुन्हा विचारलं.

“कुणी नाही. मठाच्या ऑफिसची झाडलोट माझी, किल्लीही माझ्याकडे असते. माशी आत गेली तरी मला कळतं.”

“द्वारकाबाई, पंधरा वर्षं मोठमोठे सर्व्हर सांभाळलेत मी. मला शिकवू नका. बॅकअपचे, म्हणजे माहितीची प्रत ठेवायचे, परवाने संपलेत; एका यंत्राला एक लागतो. दवाखान्याच्या नव्या कॉम्प्युटरला जागा नाही, रोग्यांची माहिती साठवता येत नाही. कुणीतरी चोरून यंत्रं जोडलीत. किल्ली ठेवा आणि संध्याकाळपर्यंत मठ सोडा.”

किल्ली ठेवतेय माझी चप्पल! सरळ जाऊन मठाच्या मोठ्या महाराजांना बोलावून आणलं.

महाराज खाली फरशीवरच बसले. सगळं ऐकून म्हणाले, “तद्रूपा, पडद्यावरच्या एकेका नावाला हाक मार. द्वारके, ज्याचं नाव येईल त्या यंत्रावर हात ठेव.”

“प्रज्ञा.”

नावाची नवी चिठ्ठी बघून मी हात ठेवला.

“मेधा.”

ठेवला.

“गोदावरी.”

मी इकडेतिकडे बघितलं... हात ठेवू कशावर?

“गोदावरी कुठं गेली रे?”

स्वामी अडखळले. “गेली नाही. तीच प्रज्ञा. गेल्या महिन्यात मी सगळ्यांची नावं बदलली.”

“आणि जुनी?”

“...काढायची राहिली. एकच यंत्र दोन नावांनी दोन परवाने अडवून बसलंय.”

“जुनं नाव काढलं तर साठवलेलं जाईल?”

“नाही. साठवलेलं राहतं. फक्त जागा सुटते.”

“मग काढ.”

स्वामींनी जुनी नावं काढली. आकडा खाली आला. दवाखान्याच्या कॉम्प्युटरला जागा मिळाली.

महाराज उठायला लागले. मी दारात उभी राहिले.

“महाराज, माझ्यावर आळ आला त्याचं काय? की तो मीच झाडून टाकू?”

महाराज पुन्हा बसले.

“तद्रूपा, संन्यास घेताना स्वतःचं श्राद्ध घातलंस ना?”

“घातलं.”

“तद्रूपानंद तर त्या दिवशी जन्मला. दोन वर्षांचं पोर. मग पंधरा वर्षं सर्व्हर सांभाळणारा कोण? या बाईला हाकलायला निघालेला कोण?”



“सांगा की नाव!” मी म्हटलं.

स्वामींचे ओठ हलले... संन्याशानं आपलं पूर्वीचं नाव घ्यायचं नसतं.

मग महाराजांनीच घेतलं.

“पराग दाबके.”