कोपऱ्यातला पिवळा

“पण मास्तर, हे नकली चित्र तुम्ही भिंतीवर लावलंतच कसं?”

हेमचंद्र नाबर चपला काढायच्या आधीच बोलला. उंबऱ्यावरूनच त्याला समोरच्या भिंतीवरची चौकट दिसली होती.

केळुसकर मास्तर खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. ते थांबले नाहीत.

“नकली आहे, असं कोण म्हणतं?”

“मी.”

“मग असेल,” मास्तर म्हणाले. “बस.”

आता हेमचंद्राचा शब्द म्हणजे काही साधासुधा शब्द नव्हे. मुंबई-दिल्लीच्या कलामेळ्यांत तो गळ्यात खास पाहुण्याचा बिल्ला अडकवून शिरला, की गॅलरीवाले हातातलं गिऱ्हाईक सोडून त्याच्याकडे धावत. एखाद्या चित्रापुढे त्याने नाक मुरडलं, की मग तिकडे कुणी फिरकत नसे. त्याच्या स्वतःच्या घरी चित्रं दिवाणखान्यात मावेनाशी झाली तेव्हा जिन्यात आली, आणि जिन्यातून न्हाणीघरापर्यंत गेली. आता तो त्यांच्यासाठी वेगळी इमारत बांधत होता. म्युझियमच म्हणा ना.

आणि या सगळ्याची बाराखडी त्याने गिरवली होती ती या तेल चोळणाऱ्या म्हाताऱ्याकडे.

मास्तर तेव्हा मुंबईच्या एका कलाशाळेत शिकवत. शनिवारी दुपारी ते पोरापोरींचा घोळका घेऊन गॅलऱ्या हिंडत. येणाऱ्याला चित्र काढता आलंच पाहिजे अशी अट नव्हती. हेमचंद्र इंजिनियरिंगला होता. तो आला पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून, आणि उद्घाटनाचा दिवस साधला तर चहा-सामोसा मिळतो म्हणून.

मास्तरांचा नियम एकच. शेजारची पाटी आधी वाचायची नाही. डोळे दमेपर्यंत चित्रापुढे उभं राहायचं, मग तोंड उघडायचं.

काय दिवस होते ते! पायाखाली लाकडी जमीन कुरकुरायची. रखवालदार आत कुणी मोठ्याने हसलं की खाकरायचा. आणि बाहेर पडल्यावर फुटपाथवर जी भांडणं जुंपायची, ती वडापाव खाऊन संपायची नाहीत. विकत घ्यायची ऐपत एकाचीही नव्हती. पण अमुक चित्र माझं, तमुक तुझं, अशी वाटणी मात्र दर शनिवारी व्हायची.

निवृत्त झाल्यावर मास्तर वेंगुर्ल्याच्या बाजूला, आपल्या गावच्या घरात येऊन राहिले. हेमचंद्र इथे पहिल्यांदाच येत होता.

तो खुर्चीवर बसला. पण त्याचे डोळे भिंतीवरून हलेनात.

“रघुवीर पेंडूरकरांचं म्हणून हे माझ्यापुढे दोनदा आलं होतं,” तो म्हणाला. “एकदा मुंबईत लिलावाला, एकदा दिल्लीच्या मेळ्यात. दोन्ही वेळा मी सांगितलं, हे त्यांचं नव्हे.”

“ठाऊक आहे. तू सांगितलंस म्हणून कुणी घेईना. शेवटी पेंडूरकरच्या मुलीने ते इथे आणून ठेवलं. म्हणाली, माळ्यावर वाळवी खाईल, तुम्ही तरी बघा.”

“तुम्ही त्यांचे मित्र. तुम्हाला कळलं नाही?”

“काय कळायचं?”

“यात पिवळा नाही!”

मास्तरांनी तेलाची वाटी खाली ठेवली.

चित्र काही मोठं नव्हतं. कागदावर काम केलेलं, वर काच. राखाडी रंगाचे पट्टे, एकावर एक, जणू खोलीच्या भिंती. मधून एक काळी उभी रेघ. उजवीकडे खाली कोपरा गडद होत गेलेला. बाकी काही नाही.

“मूळ चित्रात त्या कोपऱ्यात पिवळा होता,” हेमचंद्र म्हणाला. “हळदीसारखा. या सगळ्या करड्या रंगात तेवढा एकच. मी विसरेन का तो? त्यासाठीच आलोय मास्तर. ते प्रदर्शन तुम्हीच आम्हाला दाखवलं होतं. खरं चित्र कुणाकडे गेलं, ते तुम्हाला नक्की माहीत असणार. मला ते हवंय.”

“इतकी चित्रं आहेत तुझ्याकडे. हे नसलं तर काय अडलं?”

हेमचंद्राने भिंतीवरून नजर काढली.

मग म्हणाला, “कुमुद गेली, ते कळलं ना तुम्हाला?”

“कळलं.”

“त्या चित्रापुढेच आमची ओळख झाली. तुमच्याच घोळक्यात होती ती.”

“होती. बोलायची कमी, बघायची जास्त.”

हेमचंद्र हसला.

“त्या दिवशी बोलली पण. म्हणाली, या खोलीतून कुणीतरी नुकतंच निघून गेलंय. मी म्हटलं, वेडी का काय! दिवा लावून ठेवलाय कोपऱ्यात, दिसत नाही? कुणीतरी येणार आहे. तर म्हणाली, कुठला दिवा? कुठला पिवळा?... मला वाटलं, थट्टा करतेय.”

“मग?”

“मग काय? जन्मभर तेच भांडण. लग्नाच्या पंगतीत भांडलो, मुलं झाल्यावर भांडलो. भाजीत मीठ कमी पडलं तरी गाडी तिथेच जायची. मी म्हणायचो, पिवळा होता. ती म्हणायची, नव्हता. आम्ही परत बघायला गेलो तोवर प्रदर्शन उठलेलं, चित्र कुठे गेलं पत्ता नाही. तेव्हाच मी तिला म्हटलं, एक दिवस हे चित्र आणून तुझ्या नाकासमोर टांगतो, मग बोल! माझं जमवणं सुरू झालं ते त्या हट्टापायी, मास्तर. शोधायचं होतं एक, गोळा झाली शंभर.”

बाहेर अंगणात कुणाची तरी कोंबडी ओरडली. मास्तर ऐकत होते.

“लिलावाच्या दिवशी ती बरोबर होती,” हेमचंद्र म्हणाला. आता तो जमिनीकडे बघून बोलत होता. “या चित्रापुढे येऊन थबकली. माझी बाही ओढली. म्हणाली, हेमू, हेच ते... आणि मी चारचौघांत तिला म्हटलं, कुमुद, यातलं तुला कळत नाही.”

मास्तरांनी तेलाची वाटी पायाने खाटेखाली सरकवली.

“त्यानंतर ती माझ्याबरोबर एकाही प्रदर्शनाला आली नाही. भांडलीसुद्धा नाही. आजारात एकदाच विचारलं तिने, सापडलं का रे तुझं चित्र? मी म्हटलं, सापडेल... तुम्ही मला ते कुठे आहे तेवढं सांगा, मास्तर. तिला दाखवायचं राहिलं. निदान तिच्या फोटोसमोर तरी लावेन. माझं म्हणणं खोटं नव्हतं, एवढं तरी तिला...”

साठी उलटलेला माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा मनगटाने डोळे पुसत राहिला.

मास्तरांनी तांब्याभांडं पुढे सरकवलं. तो पाणी प्यायला. जरा सावरला. आणि सावरल्याबरोबर त्याच्यातला संग्राहक जागा झाला. मूळ स्वभाव जातो कुठे?

तो उठून चित्रापाशी गेला. डोळे बारीक करून काचेकडे बघू लागला.

“आणि ही काच कसली बसवलीय, मास्तर! मघापासून चित्र कमी आणि माझं थोबाडच जास्त दिसतंय. पूर्वी सगळीकडे असलीच काच असायची. माझ्याकडची सगळी मी बदलून घेतली. परदेशी काच आहे, प्रतिबिंब म्हणून पडत नाही. समोर माणूस उभा असला तरी दिसायचा नाही त्यात.”

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग काचेकडे.

“हेमू,” ते म्हणाले, “तू त्या दिवशी चित्रासमोर कुठे उभा होतास?”

“समोरच. असाच.”

“आणि कुमुद?”

“ती मागे होती. उजव्या हाताला, खिडकीपाशी. का?”

मास्तर काठी टेकत उठले आणि बाहेर अंगणात गेले. दोरीवर कपडे वाळत होते. त्यांत सुनेने धुऊन टाकलेली एक चादर होती, हळदीच्या रंगाची. ती त्यांनी ओढून काढली.

हेमचंद्राला वाटलं, म्हातारपणी माणसाला कशाची आठवण होईल सांगता येत नाही. पाहुणा बसलाय आणि हे वाळत घातलेले कपडे काढताहेत.

“तिथेच राहा,” मास्तर दारातून म्हणाले. “वळू नकोस. चित्राकडे बघ.”

शिष्य कितीही मोठा झाला तरी तो आवाज ओळखीचा होता. हेमचंद्र हलला नाही.

मास्तर त्याच्या मागे, उजव्या हाताला, खिडकीच्या उन्हात जाऊन उभे राहिले. चादर त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली आणि पदरासारखी खाली सोडली.

काचेत, उजवीकडे खाली, त्या गडद कोपऱ्यात... पिवळा उगवला.



तोच पिवळा होता. तेवढाच होता. कडेला जरासा विरघळलेला, मध्ये दिव्यासारखा उजळ. सगळ्या करड्या रंगात तेवढा एकच.

“पिवळी साडी...” तो पुटपुटला. “पिवळी साडी नेसली होती ती.”

मास्तर चादर तशीच धरून उभे राहिले. खिडकीतल्या वाऱ्याने चादर हलली, तसा काचेतला पिवळाही हलला.

हेमचंद्राला सगळं दिसलं. ती दुपार, ती खिडकी, रखवालदाराचं खाकरणं. आणि मागे उभी राहून चित्राकडे टक लावून बघणारी एक मुलगी, जिचं नावही त्याला तोवर माहीत नव्हतं. तो तिच्याकडे वळला नव्हता. त्याला वाटलं होतं, आपण चित्र बघतोय.

“मास्तर, तिला तो दिसणारच नव्हता,” तो म्हणाला. “ती जिथे उभी होती, तिथून...”

“नाही दिसणार.”

मास्तरांनी चादर खाली घेतली.

कोपरा पुन्हा करडा झाला.

हेमचंद्र तरीही हलला नाही. तो उभाच राहिला. नियमाप्रमाणे, डोळे दमेपर्यंत.

आणि हळूहळू ते चित्र त्याला दिसायला लागलं. इतकी वर्षं ज्याच्यात तो पिवळा शोधत होता, ते राखाडी चित्र. ती रिकामी खोली होती. ती काळी रेघ म्हणजे अर्धवट लोटलेलं दार होतं, आणि ते नुकतंच कुणीतरी बाहेर जाताना लोटलं होतं. पेंडूरकरांनी ते इतक्या हलक्या हाताने काढलं होतं, की जाणाऱ्याने आपल्या जाण्याचा आवाजसुद्धा होऊ दिला नसावा. अशी खोली आपण कुठे बघितली, हे हेमचंद्राला आठवावं लागलं नाही. गेलं वर्षभर तो रोज सकाळी तिच्यातच उठत होता.

त्याने काचेला हात लावला. मग काढून घेतला.

“चित्र खरं आहे,” तो म्हणाला.

“हं.”

“मी सगळ्यांना तसं सांगतो. पेंडूरकरांच्या मुलीला उद्याच फोन करतो. माझ्यामुळे तिला...”

“कर. तिला बरं वाटेल.”

हेमचंद्र खुर्चीपर्यंत आला, पण बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. बाहेर ऊन उतरत होतं. मास्तरांनी खाटेवर बसून चादरीची घडी घालायला घेतली. टोकाला टोक जुळेना, म्हणून ती उलगडून पुन्हा सुरुवात केली.

“मास्तर...”

“बोल.”

“ती बरोबर होती. पहिल्या दिवसापासून बरोबर होती ती. निघून गेल्यानंतरचंच चित्र आहे हे. पिवळा कधी नव्हताच त्यात. आणि मी... जन्मभर तिच्याशी भांडत राहिलो. लोकांसमोर तिला म्हटलं, तुला कळत नाही.”

मास्तरांनी चादरीचं दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

“तूही चुकला नव्हतास,” ते म्हणाले.