म्हशीला ललकारी

महाराजांनी रस्ता बांधला आणि आमच्या गावाचे दोन तुकडे झाले. इकडे घरं, तिकडे नदी. मधे बारा हात रुंद फरसबंदी.

पहिल्याच दिवशी महाराजांचा रथ आला. रस्त्यावर शेणाचा पो पडला होता. चाक घसरलं. आधी पगडी खाली गेली, मागोमाग महाराज. त्याच संध्याकाळी हुकूम सुटला: या रस्त्याला गावातल्या माणसाचं किंवा जनावराचं पाऊल लागता कामा नये. लागलं, तर गाव उठवून टेकडीपलीकडे बसवू!

टेकडीपलीकडे नुसता खडक. प्यायला पाणी नाही, गुरांना काडी नाही.

हा हुकूम गावात पुकारणारा चोपदार मी, रंगोजी. मला अक्षरओळख नाही, पण आवाज खणखणीत. छाती काढून पुकारलं. ते शेण माझ्याच म्हशीचं होतं, हे तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

घरी आलो, पाणी मागितलं. बायकोने रिकामा तांब्या पुढे केला.

"नदी रस्त्यापलीकडे आहे. ललकारी देऊन पाणी येतं का बघा!"

गावात विहीर एकच. चार दिवसांत तिचा तळ दिसला. मग सगळं गाव दरबारात गेलं. पाटील मान खाली घालून उभे. मी महाराजांच्या शेजारी काठी धरून उभा, म्हणजे माझं तोंड आधीच बंद. शेवटी चिमाबाई परटीण पुढे झाली. राजवाड्याची धुणी तिच्याचकडे असत.

"महाराज, नदीवर जायचं कसं?"

"जा की! कोण अडवतंय? फक्त रस्त्याला पाऊल लावू नका."

"मग काय उडत जायचं?"

"ते तुझं तू बघ! उद्या सकाळी मी स्वतः येतो. माणसं, गुरं, सगळी नदीवर नेऊन दाखव. जमलं तर वाट कायमची तुमची. नाही जमलं, तर परवा बोचकी बांधा!"

"बरं, महाराज. येताना रंगोजीभाऊंना बरोबर आणा. त्यांच्यावाचून हे काम व्हायचं नाही."

मी मिशीवर ताव दिला. वाटलं, गावात एक तरी माणूस आपली किंमत ओळखतो.

सकाळी महाराज आले. बघतो तर रस्त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढऱ्याशुभ्र पायघड्या! आमच्याकडे देवाची पालखी, नवरी किंवा राजा आला, की परटाने पायघड्या घालायच्या आणि चोपदाराने ललकारी द्यायची. दोन्ही घराण्यांचा मान आहे. पायघडी पडली आणि चोपदार गप्प राहिला, तर त्याचा मान दुसऱ्याकडे जातो.

आधी बाया घागरी घेऊन पलीकडे गेल्या. बायांना ललकारी दिली. लेकीसुना आहेत, बिघडत नाही. मग माझी बायको आली, हातात म्हशीचं दावं. माझीच भुरी! तिने पायघडीवर पाय ठेवला.

चिमाबाई म्हणाली, "का हो रंगोजीभाऊ, आवाज बसला?"

"म्हशीला ललकारी? मी देऊ?"

"नका देऊ. माझा धाकटा दीर देईल. मानासाठी कधीचा टपून बसलाय."

तीस वर्षांचा मान! मी डोळे मिटले आणि ओरडलो, "हुश्शार! आस्ते कदम! आस्ते कदम!"

भुरी दचकली, थांबली, आणि पायघडीच्या मधोमध तिने पो टाकला.

महाराज लाल झाले. "ही काय थट्टा आहे? पाऊल कापडाला, कापड रस्त्याला! म्हणजे पाऊल रस्त्यालाच लागलं! गाव उठवा!"

चिमाबाईने हात जोडले. "महाराज, गेल्या जत्रेला आपण देवळात आलात. वाट गुरांच्या वाड्यातून, घोट्याएवढं शेण. तेव्हा मी याच पायघड्या घातल्या होत्या. आपण चालत गेलात, तेव्हा रंगोजीभाऊंनी काय पुकारलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पुकारलं होतं, तेही तीनदा, वेशीपर्यंत ऐकू जाईल असं: महाराजांच्या पायाला शेण शिवलं नाही!

"आता आपणच न्याय करा," चिमाबाई म्हणाली. "आज भुरीचा पाय रस्त्याला लागला असेल, तर त्या दिवशी आपला पाय शेणाला लागला, आणि आपण तसेच देवळात शिरलात. तेव्हा आपला पाय शिवला नसेल, तर आज भुरीचाही शिवला नाही!"

महाराज माझ्याकडे वळले. "रंगोजी, खरं सांग. शिवला होता का?"

एकीकडे राजा, दुसरीकडे म्हैस. आणि दावं हातात धरून बायको बघतेय!

"महाराज, माझी ललकारी कधी खोटी नसते."

"कोणती? त्या दिवशीची की आजची?"

"दोन्ही, महाराज."

चिमाबाईने शेणासकट पायघडी उचलून गुंडाळली. "रस्ता बघा, महाराज. डागसुद्धा नाही. कापड मी धुते. आपला रथ दिसला, की पायघड्यांची घडी घालते."

महाराजांनी स्वच्छ फरशी बघितली, भुरीला बघितलं, मला बघितलं, आणि रथाचं चाक धरून पोट दुखेपर्यंत हसले.

"हरलो, बाई, हरलो! नदीची वाट कायमची तुमची! पायघड्यांचं कापड राजवाड्यातून येईल. आणि तुझ्यासाठी नदीवर घडीव दगडांचा घाट बांधून देतो." मग माझ्याकडे वळले. "रंगोजी, म्हैस रोज नदीवर जाते ना?"

"जाते, महाराज."

"मग ललकारी रोज!"

अकरा वर्षं दिली. शेवटी शेवटी भुरी ललकारीवाचून पाऊल उचलत नसे. महाराज त्या मानाने कमी हट्टी होते.