ठकीची करंगळी आणि तळ्यातली शेगडी

एका राज्यात बारा वर्षांनी एकदाच बर्फ पडे, आणि त्या बर्फाची हकीकत या कथेइतकी बिनचूक तुम्हांला दुसऱ्या कुठल्याही पोथीत मिळायची नाही. आता सांगणाऱ्यानं बर्फ पाहिला आहे तो उसाच्या रसाच्या पेल्यात, तोही चमच्यानं काढून टाकण्यापुरता. पण तेवढ्यावरून डोंगरभर बर्फाचा अंदाज यायला हरकत नसावी.

तर त्या राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता. राजा भला, फक्त सगळीकडे पुढे चालायची त्याला खोड. खोड त्याची नव्हे, घराण्याची. दारातून आधी राजा, मग राणी, मग राजकन्या, सगळ्यांच्या शेवटी कुत्रा. जेवायला, देवळात, न्हाव्यापुढे, हाच क्रम. कुत्र्याला न्हाव्यापुढे कशाला नेत, हे विचारू नका. क्रम म्हणजे क्रम.

राणी धानाई मेंढपाळांच्या नायकाची लेक. माहेराहून तिनं दोनच गोष्टी आणल्या: काळ्या घोंगड्यांची एक चवड आणि एका कानानं फाटका, भुंग्या नावाचा कुत्रा. घोंगडी टोचतात म्हणून राजानं माळ्यावर टाकली. भुंग्याला माळ्यावर टाकता आलं नाही.

आणि त्या राजवाड्याला शाप होता. चोवीस वर्षांपूर्वी, असाच बर्फ पडला असताना, एक म्हातारा जादूगार दारात कुडकुडत आला आणि म्हणाला, घटकाभर शेकू द्या. तेव्हाचा राजा, म्हणजे रत्नकेतूचा बाप, म्हणाला, आधी राजा शेकेल, मग युवराज, मग दरबार, मग तू. दरबार मोठा होता. म्हाताऱ्याची पाळी आली तेव्हा शेगडीत एकच निखारा उरला होता. त्यानं तो मुठीत घेतला, शेगडी काखेत मारली आणि बोलला:

"या वाड्यात जाळ दिसेल, ऊब मिळणार नाही. तिसऱ्या पिढीचं लेकरू बोटाबोटानं बर्फ होईल. निखारा तळ्यातल्या बेटावर ठेवतो आहे. बर्फाच्या दिवशी, मावळतीच्या आत, घरच्याच माणसांनी न्यायला यावं."

त्या दिवसापासून वाड्यातल्या चुलीत हात घातला तर ओल्या वाळूत घातल्यासारखा वाटे. दूध तापवायला वेशीबाहेर माळ्याच्या झोपडीत जाई आणि येईस्तोवर निवे. बारा वर्षांनी बापानं निखारा आणायला हत्ती नेला. हत्तीनं तळं पाहिलं आणि तो परत फिरला. बाप पुढे गेला आणि गळ्यापर्यंत भिजून आला.

रत्नकेतूची लेक ठकी नऊ वर्षांची. तिचं खरं नाव बारा अक्षरी होतं, पण ते म्हणेपर्यंत ती जिन्याखाली पोचलेली असे. तिची डावी करंगळी जन्मापासून बर्फाची होती, आरपार उजेड दिसेल अशी. पोर उद्योगी. ती करंगळी सरबतात बुडवी आणि प्रधानाच्या मानेला मागून टेकवी. पण त्या वर्षी थंडी लागताच एका महिन्यात पाचही बोटं काचेसारखी झाली. राजवैद्यानं दोरीनं माप घेतलं, पोथी उघडली, पोथी मिटली आणि सांगितलं, की बर्फाच्या दिवशी मनगट जाईल, आणि मनगट गेलं की काळीज फार लांब नाही. एवढं सांगून वैद्यबुवा जेवायला गेले.

आणि एका सकाळी बर्फ पडला.

राजानं अकरा शेर जरीचा अंगरखा चढवला, वर सोन्याचं चिलखत, हातात तोडे, कानात चौकडा. राणी माळ्यावर गेली आणि घोंगडी खाली घेऊन आली. तिनं ठकीला लोकरीवर लोकर अशी गुंडाळली, की पोरीचे फक्त डोळे फिरताना दिसत. भुंग्याच्या पंज्यांना लोणी चोळलं. त्यानं ते चाटून टाकलं. तिनं पुन्हा चोळलं आणि वर चिंध्या बांधल्या. गूळ-आल्याचा उकळता काढा माळ्याच्या झोपडीतून आणला आणि भोपळ्याच्या तुंब्यात भरून पदराखाली घेतला. आपलं जास्तीचं घोंगडं राजापुढे धरलं, तर तो म्हणाला, राजाला टोचणारी वस्तू चालत नाही.

वेशीवर एक टिटवी बसली होती. ती बोलत असे. सगळ्याच टिटव्या बोलतात म्हणा, पण हिचं कळत असे.

"वाटेत तीन टप्पे," टिटवी म्हणाली. "वाऱ्याची खिंड, झोपेचं बन, गोठलेलं तळं. सूर्य थांबणार नाही."

"राजाही थांबत नाही," असं म्हणून रत्नकेतू पुढे झाला.

खिंडीतला वारा आंधळा होता. तो येणाऱ्याच्या अंगावरून हात फिरवी आणि धातू हाताला लागला की तिथे चावे. राजाचे तोडे मनगटाला चिकटले, चौकडा कानाला डसला, चिलखत तर असं गार पडलं, की आत राजा आहे की लोणच्याची बरणी, हे वाऱ्यालाही कळेना. दात वाजू लागले तेव्हा त्यानं मागे न बघता हात मागे केला. राणीनं त्या हातात घोंगडं ठेवलं. सोनं खिंडीत राहिलं आणि वारा ते चावत बसला.

घोंगडं टोचत होतं. राजानं तसं तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला तो विसरला, कारण अंगात ऊब आली होती.

पुढे झोपेचं बन. तिथे झाडाखाली बर्फ असा पसरलेला, की पिंजाऱ्यानं नुकतीच गादी भरून ठेवावी. तिथे टेकलेला माणूस उठत नसे. बनात ठिकठिकाणी नुसत्या काठ्या उभ्या होत्या, माणसं खाली. राणीनं बजावलं, की कुणी बसायचं नाही, बर्फ तोंडात घालायचा नाही, तहान लागली तर काढा आहे, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या नाकावर लक्ष ठेवायचं, कारण आपलं नाक गोठलेलं आपल्याला कळत नाही. राजाचं नाक ठकीकडे आलं. असं काम तिला आवडे.

अर्ध्या वाटेवर राजाच्या पापण्या जड झाल्या. घटकाभर टेकतो, असं काहीसं तो पुटपुटला. त्याचे गुडघे वाकले.

"आबासाहेब," ठकी म्हणाली, "तुमच्या नाकाचा शेंडा मुळ्यासारखा पांढरा झालाय."

राजवंशातलं नाक, आणि मुळा. अपमानानं राजा खडबडून जागा झाला. राणीनं त्या नाकावर आपला ऊबदार तळवा धरला; चोळलं नाही, नुसता धरला; आणि राजाला तसंच चालवलं. बनाबाहेर येईपर्यंत राजाचं तोंड राणीच्या मुठीत होतं, त्यामुळे ती वाट फार शांततेत पार पडली.

तळ्यापाशी पोचले तेव्हा ऊन डोंगराच्या खांद्यावर आलं होतं. बेटावर एक लाल ठिपका दिसत होता. राणीनं ठकीची लोकर जरा बाजूला करून पाहिलं आणि लगेच झाकली. पण राजाला दिसायचं ते दिसलं. तळहात पूर्ण गेला होता. मनगटावर पांढरी रेघ उमटली होती.

राजा पुढे झाला. भुंग्यानं वाट अडवली. राजानं त्याला ओलांडून पाय टाकला, आणि पापड मोडावा तसा आवाज होऊन पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. भुंग्यानं घोंगड्याचं टोक दातांत धरलं आणि चारही पाय रोवून राजाला मागे ओढलं. राणीनं ओला जोडा काढला, पाय पुसला, स्वतःच्या डोक्यावरची कोरडी लोकर त्यावर गुंडाळली.

"आता भुंग्या पुढे," ती म्हणाली. "त्याला खालचं पाणी ऐकू येतं. त्याच्या मागे ठकी, मग मी. तुम्ही सर्वांत जड, तुम्ही शेवटी. आणि पोटावर सरपटत."

"राजानं पोटावर?"

"उभं राहिलं की सगळा भार तळव्यावर येतो. आडवं झालं की वाटून जातो. आणि महाराज, तुमच्याकडे वाटण्यासारखं पुष्कळ आहे."

राजानं सूर्याकडे पाहिलं. मग लोकरीत गुंडाळलेल्या त्या लहानशा हाताकडे पाहिलं. आणि सात पिढ्यांत जे कुणी केलं नव्हतं, ते त्यानं केलं. तो पालथा पडला.

भुंग्या नाक खाली घालून वाकडातिकडा चालला, जिथे तो थांबे तिथे सारे थांबत, जिथे वळे तिथे वळत. अशी ती राजाची स्वारी तळ्यावरून निघाली: पुढे फाटक्या कानाचं कुत्रं, मागे महाराज, हनुवटीनं बर्फ झाडत.

बेटावर शेगडी होती. निखारा होता. भुंग्या बसला, ठकी बसली, राणी बसली. ठकीनं हात पुढे केला. निखारा लाल होता, पण ऊब नव्हती. वाड्यातल्यासारखीच.

एक बाजू रिकामी होती. राजाचा भिजलेला पाय लाकडासारखा झाला होता, तरी तो तिथे बसेना. त्याला आठवलं. त्या दिवशी युवराज म्हणून दहा वर्षांचा तो शेगडीला चिकटून बसला होता, तळवे ताणून. दारातला म्हातारा त्याला दिसत होता. तो सरकला नव्हता.

बेटाच्या काठावर वेशीवरची तीच टिटवी एका पायावर उभी होती. थरथरत होती.

"पुढे ये," राजा म्हणाला. "शेक."

"माझी पाळी शेवटची," टिटवी म्हणाली.

"शेवटची माझी."

टिटवी शेगडीजवळ आली, पंख पसरले, आणि निखारा फुलला. ठकीच्या करंगळीवरून एक थेंब टपकला, मग दुसरा, मग पाचही बोटं गुलाबी होऊन खाजू लागली आणि ठकी खुशाल ओरडू लागली. टिटवीचा पुन्हा जादूगार झाला. लेकराला शाप दिला म्हणून चोवीस वर्षं तोही गारठत होता. त्यानं शेगडी राणीच्या हाती दिली, माफी मागितली आणि काढा उरला आहे का ते विचारलं. उरला होता.

त्याच क्षणी तिकडे राजवाड्यात चोवीस वर्षांत पहिल्यांदा दूध उतू गेलं. आचारी हात जोडून बघत राहिले. ते खाली उतरवायचं असतं हे त्यांच्यात कुणालाच ठाऊक नव्हतं.

सगळ्यांचं झाल्यावर राजा शेकला. अंगात ऊब आली तसा राजाही पुन्हा अंगात आला. त्यानं घोंगडं शालीसारखं खांद्यावर टाकलं, नाक चाचपून पाहिलं, घसा साफ केला आणि भुंग्याच्या पुढे जाऊन उभा राहिला.

"शाप सुटला," तो म्हणाला. "आता रीतीप्रमाणे राजा पुढे."

राणीनं शेगडी काखेत घेतली.

"चला की, महाराज. तळं तेच आहे, वजनही तेच आहे. फक्त बर्फ आता वितळायला लागलाय."