बेडकीला हवं बसायला पान

हौदात एक बेडकी होती. एवढीशी. तिचं एक पान होतं. कमळिणीचं. ती त्यावर बसायची.

एकदा गेणूआबा माळ्यांनी कमळीण नव्या कुंडीत लावली. शेणखत भरलं. हलकं, भुसभुशीत. गुलाबाला घालतात तेच. कुंडी पाण्यात सोडली.

बुडबुड, बुडबुड! खत वर आलं. मुळं सुटली. पान गळलं.

बेडकी पोहली. पोहून पोहून दमली. हौदाचा काठ तापलेला. बसायचं कुठे?

“कमळीणबाई, पान दे.”

“कुठून देऊ? मुळं तरंगतात माझी. चिकणमाती धरेल, तर देईन.”

टुप... टुप... हुश्श! बेडकी मातीकडे गेली.

“चिकणमाती, मुळं धर.
कमळीण पान देईल.
मग मी बसेन.”

“मी तर कडक ढेकूळ. म्हैस तुडवेल, तर धरीन.”

टुप... टुप... हुश्श! बेडकी म्हशीकडे गेली.

“म्हशीबाई, माती तुडव.
माती मुळं धरेल.
कमळीण पान देईल.
मग मी बसेन.”

“आत्ताच टेकले गं! कोरडी माती पायाला टोचते. आबा पाणी शिंपतील, तर तुडवीन.”

टुप... टुप... हुश्श! बेडकी आबांकडे गेली.

“आबा, पाणी शिंपा.
म्हैस माती तुडवेल.
माती मुळं धरेल.
कमळीण पान देईल.
मग मी बसेन.”

“चिकणमाती कशाला? माझं खत काय वाईट? चाळीस वर्षं गुलाब फुलवलेत!”

“गुलाब पोहतात का, आबा?”

आबा उठले. हौदात हात घातला. तरंगत्या खताने हात काळा!

“हं,” आबा म्हणाले. “चुकलं. पाण्यात जड माती हवी.”

आबांनी पाणी शिंपलं. सर्रर्र!
म्हशीने माती तुडवली. पचक, पचक!
मातीने कुंडीत मुळं धरली. घट्ट!
आबांनी वर खडे रचले. खुळुक, खुळुक!
कुंडी पाण्यात सोडली. डुबुक!

बुडबुडा नाही. काही नाही.

पानही नाही!

“थांब जरा,” कमळीण म्हणाली.

बेडकी थांबली. पोहत थांबली. एक दिवस. दोन दिवस. खूप दिवस.

मग पान आलं. गोल. हिरवं. बेडकी चढली. बसली.

हुश्श!

“काय गं बेडके,” आबा म्हणाले, “आता बरं वाटतं का?”

“बोलू नका, आबा. मी बसलेय.”