देशाची टीम आणि केरबाची जर्सी

कोल्हापुरातल्या मधल्या पेठेत एक भोळा गडी होता. नाव केरबा. माणूस लाखात एक. सांगितलेलं तंतोतंत करायचा. अडचण एवढीच, की सोमवारी सांगितलेलं मंगळवारी करायचा, आणि तेही भलत्याच ठिकाणी.

आमच्याकडं पेठेला तालीम असते आणि तालमीला फुटबॉलची टीम असते. टीम हरली की त्या दिवशी पेठेत चूल पेटत नाही. ह्या तालमीच्या टीमच्या जर्सी केरबा धुवायचा. पिवळ्या-काळ्या, अकरा. आठ वर्षं धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. अंगात एकदाही घातली नाही. एकदा तरी घालावी, एवढीच बापड्याची इच्छा होती.

त्या वर्षी टीम फायनलला गेली. समोर वरली पेठ. अकरा वर्षं विजेत्याची ढाल त्यांच्याकडंच होती. टीमचा कोच सर्जेराव म्हणाला, "केरबा, फायनलपर्यंत सांगितलेली कामं नीट कर. रविवारी जर्सी घालून आमच्याबरोबर बाकावर बसवतो."

केरबाला रात्रभर झोप लागली नाही.

सोमवारी तो दूधकट्ट्यावर गेला. तिथं म्हशी उभ्या असतात, समोर धार काढून फेसाळ दूध देतात आणि पिणारे तिथंच उभं राहून भांडतात. त्या दिवशी देशाची टीम जाहीर झाली होती, त्यामुळं भांडण मोठं होतं. एका बाजूला आबा सासने, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या मते बूट आले आणि फुटबॉल संपला. दुसऱ्या बाजूला बापू निकम, वय त्रेसष्ट. त्यांच्या मते बूट आले आणि फुटबॉल सुरू झाला.

"सेंटर फॉरवर्डला हे पोरगं घेतलंय?" आबा ओरडले. "निवडणाऱ्यांचे डोळे फुटले काय? आमचा दत्तू ढवण अनवाणी मारायचा, तर गोलकीपर बॉलसकट जाळ्यात जायचा!"

"तुमच्या वेळी गोलकीपर तरी कसले हो आबा? वारा आला तरी जाळ्यात जायचे!"

केरबानं ग्लास खाली ठेवला. "दोघांना उद्या मैदानावर आणा की. कळंल कोण भारी."

सगळे हसले. "आरं खुळ्या," आबा म्हणाले, "दत्तू आज ऐंशीचा, ते पोरगं बावीसचं. असं तोलत नसतात. दोघंही ऐन भरात आहेत असं धरायचं, आणि मग बघायचं कोण भारी."

"व्हय, बरोबर," केरबा म्हणाला. ऐन भरात आहेत असं धरायचं. त्यानं पक्कं लक्षात ठेवलं.

मंगळवारी सर्जेरावनं त्याला बाजारात पाठवलं. पोरांना आठवडाभर दूध पाहिजे होतं. "दोन म्हशी बघून ठेवल्यात. जास्त दुधाची असंल ती आण."

केरबानं दोन्ही म्हशी बघितल्या. एक तरणी, चौदा लिटर देणारी. दुसरी म्हातारी. तिच्या मालकाला त्यानं विचारलं, "ही ऐन भरात किती द्यायची?"

"अठरा!" मालक छाती फुगवून म्हणाला.

झालं. केरबा म्हातारीला घेऊन आला. सर्जेराव धार काढायला बसला. बराच वेळ बसला. म्हैस भाकड होती. ती मान वळवून त्याच्याकडं बघत राहिली.

"ही आणलीस?"

"अठराची आहे. ती दुसरी चौदाचीच होती."

"अठरा कधी देत होती, लेका?"

"ऐन भरात. तसंच धरायचं असतंय ना?"

सर्जेरावनं कपाळावर हात मारून घेतला. "आरं माझ्या राजा, जुनं काय चाटायचंय? आजचा फॉर्म बघायचा! आज जो पळतोय तो आपला. बसलाय त्याच्याकडं बघायचं सुद्धा नाही!"

"व्हय, बरोबर," केरबा म्हणाला. आजचा फॉर्म. पळतोय तो आपला. तेही पक्कं लक्षात ठेवलं.

शनिवारी प्रमुख पाहुणे येणार होते. रंगराव इंगवले. पेठेचे जुने खेळाडू. एका मोसमात देशाकडून खेळून आले होते, नंतर परगावी शाळेत पीटीचे सर झाले, आणि आता मुलाकडं साताऱ्याला असायचे. केरबाला एसटी स्टँडवर पाठवलं. "फुटबॉलवाले साहेब आहेत. हार घाल आणि रिक्षातनं आण."

केरबा पोचला तर बाकावर एक म्हातारा पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. केरबानं त्याच्याकडं बघितलं सुद्धा नाही. तेवढ्यात समोरून एक तरणा माणूस आला. पळत! मागं पाच जण. त्यानं एकाला डावीकडनं चुकवला, दुसऱ्याला उजवीकडनं, पेरूची गाडी एका उडीत ओलांडली.

"काय फॉर्म आहे!" केरबा म्हणाला. त्यानं त्याला मधेच अडवून हार घातला आणि रिक्षात कोंबला. तो माणूसही कशाला नको म्हणतोय? "लवकर चला, लवकर चला," एवढंच म्हणत होता.

तालमीत हलगी वाजली. पाहुण्याला फेटा बांधला, शाल दिली, नारळ दिला. रंगरावांना कुणी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. "तब्येत काय राखलीय!" बापू म्हणाले आणि त्यांनी कडकडून मिठी मारली. पाहुणे सगळ्यांना मिठी मारून, हात जोडून, घाईघाईनं मागच्या दारानं गेले. पुढच्या दारानं पाच जण आणि एक हवालदार आले.

बापूंचं घड्याळ, सर्जेरावचं पाकीट आणि आबांचा चांदीचा करदोटा, तिन्ही गेलं. करदोटा कसा गेला ते आबांना अजून कळलेलं नाही. दोन तासांनी खरे रंगराव पिशवी घेऊन चालत आले.

"केरबा!" सर्जेराव किंचाळला. "तुला कुणी सांगितलं होतं मनानं माणूस निवडायला? एकट्यानं कधी निवड करायची नाही! चौघांना विचारायचं, हात वर करायला लावायचे. सगळ्यांनी मिळून निवडलेलं तेच खरं!"

"व्हय, बरोबर. पण जर्सी मिळंल न्हवं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सर्जेराव विरघळला. "बरं, उद्या एकच काम. टीमची यादी मी घरी बसून लिहितो. सकाळी तुझ्याकडं देतो. तालमीचा शिक्का मार आणि मैदानावर पंचांच्या टेबलावर ठेव. एवढं तरी करशील?"

"करतो की!"

त्या संध्याकाळी रंगराव आले म्हणून कट्टा भरला आणि जुना वाद पुन्हा निघाला. शेवटी ठरलं, एकदा सोक्षमोक्ष लावायचा. देशाची आजवरची सगळ्यात भारी टीम निवडायची, हात वर करून. केरबाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून त्याला लिहायला बसवलं. तीन तास मतं पडली. अकराच्या अकरा आपल्याच पेठेचे निघाले! चौघं वारलेले होते. सहा जण कट्ट्यावरच बसले होते. त्यात आबा होते, बापू होते, रंगराव होते, दत्तू ढवण होता. प्रत्येकानं स्वतःसाठी दोन्ही हात वर केले होते. गोलकीपरवर मात्र मतं सारखी पडली, भांडण हातघाईवर आलं, तेव्हा बापू म्हणाले, "जागा धरायला तोवर केरबाचं नाव टाक. उद्या बघू."

रविवारी केरबाच्या खिशात दोन कागद होते. एक सर्जेरावनं एकट्यानं घरी बसून लिहिलेला. दुसरा सगळ्या कट्ट्यानं हात वर करून निवडलेला. केरबानं क्षणभरही विचार केला नाही. दुसऱ्यावर शिक्का मारला आणि टेबलावर ठेवला.

मैदान खचाखच भरलं होतं. भोंग्यावर नावं सुरू झाली. "मधली पेठ. उजवा बॅक, कैलासवासी धोंडिराम साळोखे..."

सर्जेराव खुर्चीवरनं खाली आला.

पंच म्हणाले, "शिक्का बसला, यादी बसली. बदल नाही. किमान सात जण उभे करा, नाहीतर ढाल वरल्या पेठेला."

सहा म्हातारे आणि केरबा. बरोबर सात.

काय सांगू तुम्हाला! आबांनी बूट फेकले आणि अनवाणी उतरले. दत्तू ढवणनं दात काढून नातीकडं दिले. आणि केरबानं जर्सी घातली. पिवळी-काळी. तो सारखा मान वाकवून स्वतःच्या छातीकडं बघत होता.

सगळ्यांना वाटलं, तीस गोल होणार. पण झालं भलतंच. वरल्या पेठेचा विक्रांत बॉल घेऊन वाऱ्यासारखा आला, तर समोर आबा. सख्ख्या आईचे वडील! विक्रांत थांबला, वाकला, पाया पडला. तेवढ्यात बापूंनी बॉल बाहेर लाथाडला. दुसरा आला, तर समोर रंगराव सर. "ताठ उभा राहा!" सर पीटीच्या आवाजात गरजले. तो राहिला. बाकीच्यांचीही दोन्ही पेठांत सोयरीक. धक्का लागून म्हातारं पडलं, तर संध्याकाळी घरात कोण घेणार?

नव्वद मिनिटं होत आली. शून्य-शून्य! बरोबरी झाली तर ढाल सहा-सहा महिने दोन्ही पेठांकडं. अकरा वर्षांनी ढाल येणार! सर्जेराव रडत होता, हलगीवाला नाचत होता.

शेवटचं मिनिट. विक्रांतनं लांबूनच, डोळे मिटून, फटका मारला. बॉल सरळ केरबाच्या पोटात. केरबानं तो धरला!

सगळी पेठ उठून उभी राहिली. आता फक्त आपल्या माणसाकडं बॉल द्यायचा होता.

"केरबा, बघून दे रं!" आबा बसल्या जागेवरून ओरडले.

केरबानं नीट बघितलं. आबा पायातला काटा काढत बसले होते. दत्तू ढवण आडवा झाला होता. रंगराव नाडी मोजत बसले होते. बापू रेषेवर बसून लिंबूपाणी पीत होते. उरलेले दोघं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसले होते. आख्ख्या मैदानात एकच माणूस पळत होता. काय फॉर्म होता त्याचा!

केरबानं बॉल अलगद विक्रांतच्या पायाशी ठेवला आणि वाटेतनं बाजूला झाला.

गोल झाला. शिट्टी वाजली. ढाल गेली. त्या दिवशी पेठेत चूल पेटली नाही.

संध्याकाळी सगळे कट्ट्यावर जमले. आबा म्हणाले, "पेठेचा आजवरचा सगळ्यात मोठा खुळा कोण? हात वर करा." कट्ट्यावर आजवर कशावरच एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. सगळ्यांनी केरबाच्या नावानं हात वर केले.

केरबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळ्यांनी मिळून निवडलंय म्हटल्यावर त्याचा ऊर भरून आला. त्यानं जर्सी नीट केली आणि स्वतःसाठी दोन्ही हात वर केले.